एमएस्सी अ‍ॅग्री एन्टोमॉलॉजी घेताय? आधी पेरणीचं बघा

दरवर्षी बीएस्सी अ‍ॅग्री संपत आलेल्या पोरांचा तोच प्रश्न, एन्टो (एन्टोमॉलॉजी, म्हणजे कीटकशास्त्र) घेऊ का पॅथॉलॉजी (पिकांचं रोगशास्त्र), म्हणून एकदाच लिहून टाकतो. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, आपल्या चारही कृषी विद्यापीठांत हा विषय आहे. राज्याची सीईटी द्या, नाहीतर आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) परीक्षा देऊन बाहेरच्या राज्यात जा. झूलॉजीवाल्यांनो, तुमचा रस्ता वेगळा, एमएस्सी झूलॉजीला एन्टोमॉलॉजी स्पेशल असलेलं विद्यापीठ शोधा.

आता मुद्द्याचं. कोर्स २ वर्षांचा असला तरी थिसिसच्या शेतातल्या प्रयोगाला कामाचा खरीप एकच मिळतो, कारण अ‍ॅडमिशन होऊन हॉस्टेलवर गादी टाकेपर्यंत पहिल्या खरिपातली पिकं अर्धी झालेली असतात आणि दुसरा हुकला तर बोंडअळी काय तुमच्यासाठी परत येत नाही. म्हणून पहिल्या सेमिस्टरलाच गाइडच्या मागे लागा, सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) पेरणीच्या आधी पास झालाच पाहिजे, बियाणं आणि प्लॉटसुद्धा तेव्हाच मागून ठेवा.

विषय निवडताना आजूबाजूला काय पिकतं ते बघा. अकोल्यात कापूस, म्हणजे गुलाबी बोंडअळी. दापोलीला आंब्याचे तुडतुडे, परभणीकडे सोयाबीनवर खोडमाशी आणि चक्रीभुंगा, राहुरीला उसातली हुमणी. हुमणीचे भुंगेरे वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात, थोडेच दिवस, तेव्हा तुम्ही लग्नाला गावी गेलात तर संपलं.

औषधांच्या तुलनेचा विषय सोपा वाटतो म्हणून अर्धा वर्ग तोच घेतो. हिशोब करा, ७ औषधं आणि १ बिनफवारणीचा प्लॉट, ३ रेप्लिकेशन (प्रत्येकाचे ३-३ प्लॉट) म्हणजे २४ प्लॉट, प्रत्येकी ५ झाडं, प्रत्येक झाडाची वरची-मधली-खालची ३ पानं, झाली ३६० पानं. फवारणीआधी एकदा, मग ३, ७, १४ दिवसांनी परत. पांढरी माशी मोजायची तर पहाटेच जा, ऊन चढलं की पान उलटायच्या आत उडते. आकडे त्याच दिवशी एक्सेलमध्ये टाका, वहीवर पाऊस पडतो! अ‍ॅनालिसिसला संख्या असेल तर वर्गमूळ आणि टक्केवारी असेल तर आर्कसाइन ट्रान्सफॉर्मेशन (आकडे आधी बदलून घ्यायची गणिती पद्धत), हे आधीच शिकून घ्या.

इन्सेक्ट बॉक्स (पकडलेले किडे टाचून ठेवायची पेटी) मात्र पहिल्या दिवसापासून भरायला घ्या, शेवटच्या आठवड्यात विभागाच्या दिव्याखाली सगळ्यांना तेच १० पतंग सापडतात. किलिंग बॉटलला (किडे मारायच्या बाटलीला) इथाइल अ‍ॅसिटेट पुरतं. टाचणी भुंगेऱ्याला उजव्या पुढच्या पंखातून, फुलपाखराला छातीच्या मधोमध. लेबलवर ठिकाण, तारीख, कोणी पकडला हे हवंच, नसेल तर तो नुसता मेलेला किडा. माझ्या पहिल्या बॉक्समध्ये डांबरगोळी टाकायची राहिली आणि दिवाळीवरून आलो तर मुंग्यांनी नुसते पंख ठेवलेले (मॅडम म्हणाल्या, मुंग्यांची नोंद तरी घेतलीस का). आणि हो, काही फुलपाखरं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, दिसलं की जाळी मारू नका.

लॅबमध्ये अळ्या वाढवायच्या असतील तर घाटेअळीला हरभऱ्याच्या पिठाचं कृत्रिम खाद्य द्यायचं आणि प्रत्येक अळी वेगळ्या बाटलीत ठेवायची, एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात आणि सकाळी १० च्या ३ उरतात. खाद्य रोज बघायला लागतं, रविवारी पण. म्हणून रूममेट एन्टोचाच शोधा, तुम्ही घरी गेलात की बाटल्या तो बघेल, तो गेला की तुम्ही.