सिरिल शिकताना: मृगातील तेजोमेघाच्या एका छायाचित्रापासून सुरुवात

आकाशातील अंधूक वस्तूंचे छायाचित्रण शिकणारा नवा छायाचित्रकार पहिल्या चांगल्या रात्रीनंतर संगणकासमोर बसतो, तेव्हा त्याच्याकडे शेकडो काळपट फ्रेम असतात आणि त्यांचे पुढे काय करायचे याविषयी पाच जणांनी दिलेले पाच वेगवेगळे सल्ले असतात. एक जण पिक्सइनसाइट विकत घे म्हणतो, दुसरा डीपस्कायस्टॅकर पुरेसा आहे म्हणतो, तर तिसरा फोटोशॉपचे नाव सांगतो. माझा आग्रह असा की सुरुवातीला एकच सॉफ्टवेअर घ्यावे, आकाशातील एकच वस्तू निवडावी आणि तिच्या फ्रेमवर कच्च्या फाइलपासून पूर्ण चित्रापर्यंतचा सगळा प्रवास एकदा करावा. कोणते बटण कुठे आहे हे आठवडाभरात हाताला समजते. कोणती क्रिया कोणत्या टप्प्यावर करायची आणि का, हे समजायला वेळ लागतो, आणि खरे शिक्षण तेच आहे.

सॉफ्टवेअर म्हणून मी सिरिल सुचवतो. ते विनामूल्य व मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, आणि फ्रेम एकत्र करण्यापासून रंग जुळवण्यापर्यंतची बहुतेक कामे त्यातच होतात. वस्तू म्हणून मृग नक्षत्रातील तेजोमेघ, म्हणजे एम 42, घ्यावा. सुमारे 1,350 प्रकाशवर्षे दूर असलेला हा मेघ बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला नुसत्या डोळ्यांनाही धूसर दिसतो आणि डिसेंबर ते फेब्रुवारी महाराष्ट्रातून रात्री सोयीच्या वेळी उंचावर असतो. तो इतका तेजस्वी आहे की आकाशाबरोबर फिरणारे माउंट नसले तरी त्याचे चित्र निघते. ग्रहांची आणि चंद्राची छायाचित्रे व्हिडिओ घेऊन, त्यातील स्थिर क्षण निवडून वेगळ्याच पद्धतीने तयार केली जातात. तो मार्ग या लेखात घेतलेला नाही.

फ्रेम कोणत्या आणि किती

उदाहरणासाठी 24 मेगापिक्सेलचा, लहान सेन्सरचा डीएसएलआर आणि 135 मिमीची लेन्स धरू. कॅमेरा तिपाईवर स्थिर असेल तर दोन सेकंदांच्या आसपासच तारे गोल राहतात, त्यापुढे ते लांबट होऊ लागतात. दोन सेकंदांच्या 200 फ्रेम घेतल्या तरी एकूण प्रकाश सात मिनिटांहून कमीच मिळतो, पण एम 42 साठी एवढ्यातही पुष्कळ हाती लागते. अनेक फ्रेमची सरासरी काढली की नॉइजच्या, म्हणजे चित्रातील निरर्थक दाणेदारपणाच्या, तुलनेत खरा संकेत फ्रेमसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सुधारतो: 16 फ्रेमने चौपट, 64 फ्रेमने आठपट. चित्र दुप्पट स्वच्छ हवे असेल तर चौपट फ्रेम लागतात, आणि हे गणित कोणत्याही नॉइज कमी करणाऱ्या बटणाला चुकवता येत नाही.

लाइट फ्रेम, म्हणजे प्रत्यक्ष वस्तूच्या फ्रेम, यांखेरीज आणखी तीन प्रकारच्या फ्रेम लागतात. डार्क फ्रेम लेन्सला झाकण लावून, त्याच आयएसओवर, तेवढ्याच वेळेच्या आणि शक्यतो त्याच तापमानाला घ्यायच्या, कारण सेन्सरमधील उष्णताजन्य प्रवाह साधारण सहा-सात अंशांच्या वाढीला दुप्पट होतो. डिसेंबरातील रात्रीच्या डार्क एप्रिलमधील रात्रीला म्हणूनच चालत नाहीत. फ्लॅट फ्रेम फोकस आणि लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) न बदलता, लेन्सवर पांढरे कापड ताणून, एकसारख्या प्रकाशात घ्यायच्या. त्यांच्यामुळे कडांचा काळोख आणि सेन्सरवरील धुळीचे डाग निघून जातात. बायस म्हणजे झाकण लावून सर्वांत कमी वेळेत घेतलेल्या फ्रेम. यांपैकी एकच प्रकार घेण्याइतका वेळ असेल तर फ्लॅट घ्याव्यात, कारण फ्लॅट नसलेल्या चित्राची पार्श्वभूमी नंतर कितीही झगडले तरी सपाट होत नाही.

स्वतःच्या फ्रेम अजून नसतील किंवा पावसाळा असेल, तर जवळच्या खगोलप्रेमी मंडळातील एखाद्याकडे त्याच्या कच्च्या फ्रेम मागाव्यात. चांगल्या गडद आकाशाखाली घेतलेल्या दुसऱ्याच्या फ्रेमवर शिकणे हे शहराच्या उजेडात घेतलेल्या स्वतःच्या फ्रेमशी झगडण्यापेक्षा कितीतरी सोपे असते. पुढे स्वतः बाहेर पडायचे ठरवले तर विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्प आहेच, ज्याला 2024 मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली.

स्क्रिप्ट आणि डिस्कवरील जागा

सिरिल उघडल्यावर पहिले काम म्हणजे घराच्या चिन्हावर टिचकी मारून कामाचा फोल्डर निवडणे. त्या फोल्डरमध्ये लाइट्स (lights), डार्क्स (darks), फ्लॅट्स (flats) आणि बायसेस (biases) असे चार फोल्डर रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि अनेकवचनी नावांनी तयार करावेत. नावात एक अक्षर जरी चुकले तरी स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या पायऱ्या आपोआप करणारी आज्ञावली, थांबते, आणि नवख्यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच ठिकाणी सापडते. मग स्क्रिप्टच्या यादीतून रंगीत कॅमेऱ्यासाठीची स्क्रिप्ट चालवावी. डार्क किंवा फ्लॅट नसतील तर त्यांच्याशिवाय चालणाऱ्या स्क्रिप्टही त्याच यादीत असतात.

स्क्रिप्ट चालू असताना उजवीकडे धावणाऱ्या ओळी दुर्लक्षित करू नयेत. आधी मास्टर डार्क व मास्टर फ्लॅट, म्हणजे त्या त्या फ्रेम एकत्र करून बनलेली एकेक फ्रेम, तयार होतात, मग प्रत्येक लाइट फ्रेममधून दोष वजा होतात, मग ताऱ्यांच्या जागा जुळवून फ्रेम एकमेकींवर बसवल्या जातात, आणि शेवटी सरासरीपासून फार दूर गेलेल्या किमती वगळून स्टॅकिंग, म्हणजे सगळ्या फ्रेमचे एक चित्र करणे, होते. उपग्रहाची किंवा विमानाची रेघ एखाद-दुसऱ्या फ्रेममध्येच असते, त्यामुळे ती या वगळण्यातच नाहीशी होते. किती फ्रेम जुळवता आल्या नाहीत हा आकडाही या ओळींतच येतो. 200 पैकी 60 फ्रेम गळाल्या असतील तर दोष सॉफ्टवेअरचा नसून फोकसचा, वाऱ्याचा किंवा ढगांचा आहे असे समजावे.

डिस्कवरील जागेचा हिशेब मात्र आधीच करायला हवा. 24 मेगापिक्सेलची एक फ्रेम तीन रंगांत, 32 बिटमध्ये साठवली की ती 288 एमबी होते. 200 फ्रेमचा दोष काढलेला संच सुमारे 58 जीबी, जुळवलेला संच आणखी तेवढाच, आणि मूळ रूपांतरित फ्रेम धरून सव्वाशे जीबी सहज लागतात. लॅपटॉपवर एवढी जागा नसेल तर आधी 40 फ्रेमवर सराव करावा, किंवा सेटिंगमध्ये मधल्या फाइली 16 बिटमध्ये ठेवाव्यात. अंतिम फाइल तयार झाल्यावर स्क्रिप्टने बनवलेला प्रोसेस फोल्डर काढून टाकायला हरकत नाही.

काळे चित्र आणि रेषीय टप्पा

स्टॅक झालेली फाइल उघडली की पडदा जवळजवळ काळा दिसतो, मोजके तारे सोडले तर काहीच नाही. इथे अनेक जण काहीतरी बिघडले असे समजून सगळे पुन्हा सुरू करतात. वास्तविक सगळे ठीक असते. 14 बिटच्या कॅमेऱ्यात प्रकाशाच्या 16,384 पातळ्या असतात आणि तेजोमेघाचा बाहेरचा पसारा त्यांतल्या अगदी खालच्या पातळ्यांत दाटलेला असतो. या अवस्थेत पिक्सेलची किंमत पडलेल्या प्रकाशाच्या सरळ प्रमाणात असते, म्हणून तिला रेषीय अवस्था म्हणतात.

चित्राच्या खिडकीखाली दाखवण्याच्या पद्धतीची एक यादी असते. ती ‘लिनिअर’वरून ‘ऑटोस्ट्रेच’वर नेली की क्षणात मेघ, त्याचे पंख, शेजारच्या धुळीचा पट्टा असे सारे डोळ्यांपुढे येते. हा बदल फक्त पडद्यावरचा असतो, फाइलमधील एकही आकडा त्याने हललेला नसतो. सिरिल शिकताना मनात सर्वांत पक्के बसवायचे ते हेच. ऑटोस्ट्रेचमध्ये दिसते ते चित्र तयार झाले असे समजून कोणी फाइल जतन केली, तर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती पुन्हा काळीच उघडते.

ज्या क्रिया प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणावर अवलंबून आहेत, म्हणजे पार्श्वभूमी काढणे आणि रंग जुळवणे, त्या सगळ्या या रेषीय अवस्थेतच उरकायच्या. एकदा चित्र ताणले, म्हणजे त्यातील अंधूक भाग उजळवले, की ते प्रमाण मोडते आणि मग ताऱ्यांच्या रंगांची तुलना निरर्थक ठरते.

आधी कडा कापाव्यात, कारण फ्रेम सरकत गेल्याने तिथे कमी फ्रेमचा खरबरीत पट्टा राहतो आणि तो पुढची गणिते बिघडवतो. मग पार्श्वभूमी काढण्याचे साधन उघडावे. क्षितिजाकडील बाजूला गावाच्या उजेडाची झाक असते. सॉफ्टवेअर चित्रभर नमुन्याचे चौकोन टाकून त्या झाकेचा आकार ताडते आणि ती वजा करते. चौकोन तेजोमेघावर पडले असतील तर उजव्या टिचकीने ते काढून टाकावेत, नाहीतर मेघच उजेड समजून वजा होतो. मृगाच्या या भागात जवळजवळ सर्वत्र फिकट धूळ व वायू आहे, त्यामुळे इथे लवचिक पद्धतीऐवजी पहिल्या घाताचे साधे बहुपद निवडावे असे माझे मत आहे. ते थोडी झाक मागे ठेवते, पण मेघाचा नाजूक भाग खात नाही.

रंगांसाठी आधी चित्रातील ताऱ्यांवरून आकाशातील नेमकी जागा शोधून घ्यावी लागते, आणि त्यासाठी लेन्सचे नाभीय अंतर व पिक्सेलचा आकार द्यावा लागतो. 3.9 मायक्रॉनचा पिक्सेल आणि 135 मिमीची लेन्स असेल तर एका पिक्सेलवर आकाशाचा सुमारे सहा विकलांचा (आर्कसेकंदांचा) तुकडा येतो आणि चित्राची रुंदी जवळपास दहा अंश भरते. जागा सापडली की सिरिल ताऱ्यांच्या सूचीतील ज्ञात रंगांशी चित्रातील तारे ताडून पाहते आणि लाल, हिरवा, निळा यांचे प्रमाण ठरवते. हा निकाल डोळ्यांना थोडा फिका वाटला तरी स्वीकारावा. सामान्य कॅमेऱ्यातील गाळणी हायड्रोजनचा 656.3 नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवते, म्हणून अशा कॅमेऱ्यात हा मेघ जांभळट गुलाबी येतो. इतरांच्या चित्रांत पाहिलेला गडद लाल रंग त्यावर ओढून आणू नये. उरलेली हिरवट छटा काढण्याचे साधनही जपून वापरावे, कारण मेघाच्या गाभ्यात ऑक्सिजनची निळसर हिरवी झळाळी खरोखरच असते.

या टप्प्यावरची फाइल फिट्स (FITS) या खगोलीय चित्रांच्या स्वरूपात वेगळ्या नावाने जतन करावी. पुढे कौशल्य वाढेल तेव्हा पुन्हा इथूनच सुरुवात करता येते.

ताणणे

आता दाखवण्याची पद्धत पुन्हा ‘लिनिअर’ करावी आणि खरे स्ट्रेचिंग सुरू करावे. मी आधी ॲसिंच (asinh) हे साधन थोडेसे वापरायला सांगेन, कारण त्यात ताऱ्यांचे रंग टिकतात, आणि मग हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या तेजाचे किती पिक्सेल आहेत हे दाखवणारा आलेख, घ्यायला. आलेखात सगळा डोंगर डाव्या भिंतीला चिकटून उभा असतो. मधला सरकता खुणेचा त्रिकोण डावीकडे नेला की तो डोंगर उजवीकडे सरकत रुंद होतो. हे एका झटक्यात करू नये. थोडे ताणावे, लागू करावे, पाहावे आणि पुन्हा ताणावे. तीन-चार फेऱ्यांत डोंगराचे शिखर डावीकडून दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास आले की पुरे.

काळ्या बाजूचा त्रिकोण डोंगराच्या पायथ्याजवळ आणावा, पण पायथा कापू नये. किती टक्के पिक्सेल पूर्ण काळे होत आहेत हा आकडा त्याच खिडकीत दिसतो आणि तो शून्याजवळच राहिला पाहिजे. कोळशासारखे काळे आकाश नवख्यांना स्वच्छ वाटते, परंतु त्या काळेपणात मेघाचा बाहेरचा अर्धा पसारा बुडालेला असतो. खरे आकाश गडद राखाडी असते आणि चित्रातही ते तसेच असू द्यावे.

एम 42 चा गाभा ही या वस्तूची खरी परीक्षा. ट्रॅपेझियम या गाभ्यातील गटाचे चार तारे आणि त्यांच्याभोवतीचा वायू बाहेरच्या पंखांपेक्षा इतका तेजस्वी आहे की पंख दिसेपर्यंत ताणले तर गाभा पांढरा पडतो. कर्सर गाभ्यावर नेऊन रेषीय फाइलमधील पिक्सेलची किंमत पाहावी. ती कमाल मर्यादेला टेकलेली असेल तर तिथली माहिती फ्रेम घेतानाच गेली, आणि अर्ध्या सेकंदाच्या वेगळ्या फ्रेम घेऊन त्यांचा स्टॅक गिंप या चित्रसंपादन सॉफ्टवेअरमध्ये मास्कने (बाकीचा भाग झाकून) गाभ्यापुरता मिसळणे हाच उपाय उरतो. किंमत मर्यादेखाली असेल तर माहिती शिल्लक आहे, आणि मग जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच हे साधन शिकायची वेळ आली असे समजावे. त्यात कोणत्या तेजाभोवती जास्त ताण द्यायचा आणि तेजस्वी भाग कुठपासून जपायचा हे ठरवता येते. त्यातील पाचही सरकते दांडे एकदम हलवू नयेत. आधी फक्त ताणाचे प्रमाण आणि सममितीचा बिंदू यांच्याशी हात बसू द्यावा.

स्टारनेटने तारे वेगळे काढणे, डीकन्व्होल्यूशन (गणिताने धूसरपणा कमी करणे), ग्रॅक्सपर्टने नॉइज कमी करणे ही साधने उपयोगी आहेत, पण पहिल्या चित्रात ती टाळावीत. मूळ चित्र किती चांगले होते हे कळल्याशिवाय या साधनांनी काय सुधारले आणि काय बिघडवले हे ओळखता येत नाही. माणसांच्या छायाचित्रांसाठी बनवलेली तीक्ष्णता वाढवणारी एआय साधने तर तेजोमेघावर अजिबात चालवू नयेत, कारण ती नसलेले धागे रंगवतात आणि आकाशाच्या चित्रात ते खोटेपण ठरते.

ताणलेले चित्र 16 बिटच्या टिफमध्ये काढून गिंपमध्ये रंगांची गडदता किंचित वाढवावी आणि मोबाइलवर पाठवण्यासाठी शेवटी जेपेग करावे. ते जेपेग स्वतःच्या लॅपटॉपखेरीज निदान आणखी एका पडद्यावर पाहावे, कारण अनेक लॅपटॉपचे पडदे गडद राखाडीतील फरक गिळतात. छापायचे असेल तर पार्श्वभूमी पडद्यावर योग्य वाटते त्याहून थोडी उजळ ठेवावी, कारण कागदावर ती हमखास एक पायरी गडद उतरते.