डिझेल गाडी मधेच आचके देते? आधी हे बघा
चालता चालता गाडी मधेच अडखळते, मग दोन दिवस ठणठणीत, आणि मेकॅनिककडे नेली की एकदम शहाण्यासारखी चालते, हा प्रकार सगळ्यात डोकं खाणारा. म्हणून आधी आठवडाभर मोबाईलमध्ये लिहून ठेवा नेमकं कधी होतं ते, इंजिन थंड असताना की गरम, घाटात की सपाटीला, टाकी अर्ध्याखाली गेल्यावर की कधीही.

सुरुवात डिझेल फिल्टरपासून. खालचा ड्रेन स्क्रू ढिला करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढा नि तसंच ठेवा, पाणी असेल तर तळाशी बसतं. फिल्टर जुना असेल तर बदलूनच टाका, तिथे कंजुषी नको. मग फिल्टरच्या कमी प्रेशरच्या लाइनला पारदर्शक पाइप लावून बघा, बुडबुडे सतत येत असतील तर लाइन कुठूनतरी हवा खेचतेय.

तरी सुटलं नाही तर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून गाडी फिरवा, उभ्या गाडीत फारसं कळत नाही. आयडलला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, कॉमन रेलचं (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीतलं) प्रेशर साधारण २५० ते ३५० बार असतं, पण बघायचं हे की आचका बसतो त्या क्षणी कॉम्प्युटरने मागितलेलं आणि प्रत्यक्ष मिळालेलं प्रेशर वेगळं होतंय का. होत असेल तर पंप, रेग्युलेटर, इंजेक्टरचं रिटर्न (न वापरता परत जाणारं डिझेल) तपासा. प्रेशर ठीक पण बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचं प्रेशर) पडतोय तर टर्बोचा होज, फाटलाय तिथे बहुतेक तेलकट डाग असतो. दोन्ही ठीक असेल तर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), पेडल सेन्सर, अर्थची वायर बघा.

आणि हो, इंजिन चालू असताना इंजेक्टरचा पाइप अजिबात ढिला करायचा नाही, जुन्या गाड्यांवरची ती सवय इथे, कॉमन रेलच्या एवढ्या प्रेशरमुळे, जिवावर बेतते.