ओतीव गोळ्यांच्या वंगणयंत्रात करण्याजोग्या तीन सुधारणा

अमेरिकेत रिव्हॉल्व्हरने नेमबाजी करणारे बरेच हौशी लोक शिशाच्या गोळ्या घरीच साच्यात ओततात आणि मग टेबलावर घट्ट बसवलेल्या एका हातयंत्रातून काढतात. हँडल खाली ओढले की वरचा पंच (गोळी ढकलणारी दांडी) गोळीला डायमध्ये, म्हणजे नेमक्या मापाचे भोक असलेल्या पोलादी नळकांड्यात, दाबतो. तिथे तिचा व्यास नेमका होतो आणि त्याच वेळी डायच्या बाजूच्या बारीक भोकांतून आलेले मेणासारखे वंगण तिच्या खोबणीत भरते. लायमन कंपनीचे ४५० किंवा आरसीबीएसचे ल्युब-ए-मॅटिक ही अशी यंत्रे. (भारतात दारूगोळा तयार करण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवाना लागतो, त्यामुळे हा लेख जिथे हा छंद कायदेशीर आहे तिथल्या वाचकांसाठी आहे.)

सर्वांत आधी यंत्राला ऊब द्यावी. निम्मे मधमाशांचे मेण आणि निम्मे अ‍ॅलॉक्स (पेट्रोलियमपासून बनवलेले मेणचट वंगणद्रव्य) असे मऊ वंगण साध्या तापमानात सरकते, पण कार्नोबा मेण (ताडासारख्या झाडाच्या पानांचे कडक मेण) असलेली कडक वंगणे थंड गॅरेजमध्ये जागची हलत नाहीत; मग माणूस स्क्रूने वंगणावरचा दाब वाढवत जातो, खोबणी अर्धवटच भरते आणि उरलेले वंगण गोळीच्या बुडाखाली साचते. लायमनच्या ४५०० मध्ये हीटरसाठी जागा दिलेली आहे. जुन्या यंत्राखाली मात्र चार सूत, म्हणजे अर्धा इंच जाडीची अ‍ॅल्युमिनियमची प्लेट बसवावी लागते.

प्लेट यंत्राच्या बुडापेक्षा थोडी मोठी कापून तिला यंत्राच्या बोल्टची भोके पाडावीत. नंतर कडेच्या जाडीतून दोन आडवी भोके घ्यावीत, एक कार्ट्रिज हीटरसाठी (कांडीसारखा विजेचा हीटर) आणि दुसरे थर्मोस्टॅटच्या सेन्सरसाठी. हीटरचे भोक सैल झाले तर उष्णता प्लेटमध्ये न जाता हीटरमध्येच कोंडते आणि तो लवकर जळतो, म्हणून ते शेवटी रीमरने (भोक नेमक्या मापाचे करणाऱ्या हत्याराने) साफ करून हीटर अंगासरशी बसेल असे करावे. १२० व्होल्टवर चालणारा १०० वॉटच्या आसपासचा हीटर पुरतो. अर्थिंगची तार प्लेटलाच स्क्रूने पक्की जोडावी. या कामात मी तडजोड मानत नाही. सुरुवातीला थर्मोस्टॅट ४० अंश सेल्सिअसवर ठेवून अर्धा तास थांबावे, कारण ऊब वर वंगणाच्या नळीपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो. वंगण तरीही अडत असेल तर दोन-दोन अंशांनी वाढवावे आणि डायच्या कडेने पाझरू लागले की एक पायरी खाली यावे.

दुसरी सुधारणा डायची. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरचे तोंड ०.३५९ इंचांचे आणि डाय ०.३५८ ची असेल, तर गोळी त्यातून सैल जाते आणि रिव्हॉल्व्हरच्या नळीत शिसे धरते. हा फरक एका थाऊचा, म्हणजे ०.०२५ मिलिमीटरचा आहे. डाय काढून रॉकेलने धुवावी. लाकडी दांडीला उभी चीर देऊन तीत ३२० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी अडकवावी, ती गुंडाळून थोडे तेल लावावे आणि ड्रिल मशीन हळू फिरवत दांडी डायमध्ये सतत वर-खाली न्यावी. एका जागी थांबल्यास तिथे पोट पडते. दर अर्ध्या मिनिटाने डाय धुऊन एक गोळी दाबावी आणि मायक्रोमीटरने मोजावी. गोळी नेहमीच्याच मिश्रधातूची असावी, कारण कडक शिसे डायमधून निघाल्यावर किंचित फुगते आणि मऊ शिशाने घेतलेले माप फसवते. शेवटचा पाव थाऊ ६०० नंबरच्या पेपरवर सोडावा. वंगणाच्या भोकांत अडकलेली कीस तारेने काढल्याशिवाय डाय परत बसवू नये.

तिसरी सुधारणा पंचाची. पंचाची वाटी गोळीच्या नाकाशी जुळत नसेल तर गोळी तिरकी शिरते आणि एका बाजूने जास्त खरवडली जाते. अशा वेळी गोळीच्या नाकावर मेणाचा पातळ हात फिरवून ती डायमध्ये सरळ बसवावी, पंचाच्या वाटीत इपॉक्सी भरावी आणि हँडल अलगद खाली आणून चोवीस तास तसेच बांधून ठेवावे. इपॉक्सी त्याच यंत्रात, त्याच रेषेत घट्ट होत असल्यामुळे नाक आणि डाय आपोआप एका रेषेत येतात. विकतच्या पंचाने हे क्वचितच साधते.

आता खालच्या स्क्रूने गोळीची खोली अशी लावावी की डायची भोके नेमकी खोबणीसमोर येतील. पहिल्या दहा गोळ्या उलट्या करून पाहाव्यात. बुड कोरडे आणि खोबणी काठोकाठ भरलेली असेल तर मांडणी बरोबर आहे. बुडावर वंगणाची चकती चिकटली असेल तर आधी दाब कमी करावा, उष्णतेला नंतर हात लावावा. काम संपल्यावर हीटर बंद करून दाबाचा स्क्रू अर्धा फेरा उलटा फिरवावा, नाहीतर यंत्र गार होईपर्यंत वंगण डायमध्ये चढत राहते. मग हात साबणाने धुवावेत; शिसे विषारी आहे आणि ते बोटांवरून जेवणाच्या ताटात सहज पोचते.