हिशेबाच्या फाइलला नुसता पासवर्ड घालून भागत नाही

‘फाइलला पासवर्ड आहे ना, मग झालं’ असं कुणी म्हटलं की मी त्या फाइलची एक प्रत मागून घेतो. घरखर्चाची एक्सेल असते आणि पासवर्ड असतो ‘प्रोटेक्ट शीट’चा. त्याने फक्त आकडे बदलता येत नाहीत, वाचता मात्र सगळे येतात. शिवाय एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची आजची फाइल, ही मुळात झिप फाइल, अनेक फाइलींचं गाठोडं. ती उलगडायची, आतल्या शीटच्या फाइलमधली एक ओळ खोडायची, की पासवर्ड गायब. दारावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी, आणि घरात कुत्राच नाही!

एक्सेलच वापरायचं असेल तर फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’. हे खरं एन्क्रिप्शन. यात मजकूरच बदलून ठेवलेला असतो आणि पासवर्डाशिवाय तो लागत नाही. फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारातली असेल तर आधी एक्सएलएसएक्स करून घ्या, जुन्यातलं एन्क्रिप्शन फार कच्चं होतं.

मी स्वतः हिशेब ग्नूकॅश या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. त्यात पासवर्डाची सोयच नाही. त्याची फाइल सेव्हन-झिपने (झिप उलगडणारं सॉफ्टवेअर) उघडली तर खात्यांची नावं, रकमा, सगळं सरळ वाचता येतं. म्हणून ती व्हेराक्रिप्ट या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरच्या कंटेनरमध्ये ठेवायची. कंटेनर म्हणजे पासवर्डाने उघडणारी तिजोरीसारखी एक फाइल, तिच्यात इतर फाइली ठेवता येतात.

कंटेनर करणं सोपं आहे: ‘क्रिएट व्हॉल्यूम’, स्टँडर्ड, एईएस (एन्क्रिप्शनची पद्धत), आकार 500 एमबी.

पासवर्ड 20 अक्षरांहून मोठा घ्या. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहा. अभंगाची ओळ नको, मुलांच्या जन्मतारखा तर नकोतच. आयकर खात्याच्या एआयएसची (तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचं विवरण) पीडीएफ पाहा: पासवर्ड म्हणजे तुमचा पॅन आणि जन्मतारीख. या दोन्ही गोष्टी ठाऊक असलेली किती माणसं आहेत ते मोजा. पासवर्ड कागदावर लिहून विम्याच्या कागदपत्रांत ठेवा आणि घरात एकाला तरी सांगा. विसरलात तर तो परत मिळवून देणारं कुणी नाही.

कंटेनर माउंट करा, म्हणजे पासवर्ड देऊन एखाद्या ड्राइव्हसारखा उघडा, आणि ग्नूकॅशमधून ‘सेव्ह अ‍ॅज’ करून फाइल त्यात ठेवा. इथे बहुतेक लोक थांबतात. मीही थांबलो होतो.

काही महिन्यांनी लॅपटॉप दुरुस्तीला द्यायचा होता. सहज डॉक्युमेंट्स उघडलं, तर नावात तारीख-वेळ असलेल्या हिशेबाच्या फाइलींची रांगच! ग्नूकॅश प्रत्येक वेळी सेव्ह करताना आधीची प्रत त्याच फोल्डरमध्ये ठेवतं आणि शेजारी .लॉग फाइलमध्ये नोंदी साध्या मजकुरात लिहीत जातं. जुन्या प्रती 30 दिवसांनी आपोआप जातात हे मला माहीत होतं, त्यावरच विसंबलो. पण ही साफसफाई चालू फाइल जिथे आहे त्याच फोल्डरमध्ये होते. मी फाइल हलवली आणि जुन्या फोल्डरला वालीच उरला नाही. म्हणजे तिजोरी नवी, आणि वह्या ओट्यावर.

तेव्हा अख्ख्या डिस्कवर फाइलीच्या नावाने शोध घ्या. डाउनलोड्समधल्या बँकेच्या व्यवहारांच्या सीएसव्ही फाइली, पेन ड्राइव्ह, स्वतःलाच पाठवलेले मेल, व्हॉट्सअ‍ॅपवर जोडीदाराला धाडलेली प्रत, काही सोडू नका. नुसतं डिलीट करून डेटा पुसला जात नाही. पुसून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर एसएसडीच्या (नव्या लॅपटॉपमधली चिपची डिस्क) बाबतीत भरवसा ठेवू नका, कारण एसएसडी नवा मजकूर जुन्याच जागी लिहील असं नसतं. म्हणून अख्खी डिस्कही एन्क्रिप्ट करा. विंडोज प्रोमध्ये त्यासाठी बिटलॉकर आहे. पण त्यावर खूश होऊन कंटेनर मोडू नका: लॉगिन केलं की बिटलॉकरची डिस्क उघडीच असते आणि पेन ड्राइव्हवर केलेली प्रत साधीच जाते.

बॅकअपचं एक राहिलं. कंटेनरमध्ये कितीही लिहा, व्हेराक्रिप्ट त्या फाइलची बदलाची तारीख मुद्दाम जुनीच ठेवतं. त्यामुळे बॅकअपच्या सॉफ्टवेअरला वाटतं काही बदललंच नाही, आणि ते प्रत घेत नाही. प्रेफरन्सेसमध्ये ‘प्रिझर्व्ह मॉडिफिकेशन टाइमस्टॅम्प ऑफ फाइल कंटेनर्स’पुढची खूण काढून टाका, आणि बॅकअपच्या आधी कंटेनर डिसमाउंट, म्हणजे बंद, करा.