सैन्यातल्या तक्रारींची सार्वजनिक चौकशी कशी मागावी
माझी मुलगी कॅनडाच्या सैन्यात आहे. म्हणून इथल्या मराठी पालकांना कळकळीने सांगते, नुसता ‘आढावा’ मागू नका. सैन्यातल्या लैंगिक गैरवर्तनाचा आढावा घेणाऱ्या दोन माजी न्यायाधीश, मारी देशां यांचा 2015चा आणि लुईज आर्बर यांचा 2022चा अहवाल मोलाचा आहेच. पण साक्षीदारांना समन्स काढून शपथेवर बोलतं करायचं बळ चौकशी कायद्याखाली, मंत्रिमंडळाच्या आदेशाने नेमलेल्या आयोगाला मिळतं. त्या आदेशाची कक्षा बारकाईने पाहा: तक्रार दाबणारे वरिष्ठ तीत येतात का? सोमालियात गेलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या गैरकृत्यांची चौकशी करायला 1995मध्ये नेमलेला सोमालिया आयोग सरकारने 1997मध्ये काम अर्धवट असतानाच गुंडाळायला लावला, म्हणून मुदतवाढीचं आधीच लिहून घ्या. सुरुवात संसदेच्या ई-याचिकेने करा: 500 सह्या आणि पाठीशी एक खासदार. तक्रारदारांची नावं मात्र याचिकेत घालू नका.