रद्दी, चिंध्या, करवंटी: रोज अर्ध्या तासात गळ्यातलं

टाकाऊ वस्तूंपासून केलेलं गळ्यातलं वाया जातं ते बहुधा मण्याच्या रूपामुळे नाही. मणी सुरेख असतो, पण भोकाची धारदार कड दोरा कापते, नाहीतर गाठ सुटते, नाहीतर पावसाळ्यात वरचा थर चिकट होऊन मणी कपड्याला धरतो. म्हणून इथे सजावटीपेक्षा भोक, दोरा, गाठ आणि वाळवण यांबद्दल जास्त लिहिलं आहे.

हे काम रोज थोडं थोडं करावं, कारण यातल्या जवळजवळ प्रत्येक पायरीनंतर काहीतरी वाळू द्यावं लागतं. रविवारी सलग पाच तास बसलं की माणूस घाई करतो, ओल्या थरावर दुसरा थर देतो आणि सगळे मणी पांढुरके पडतात. त्यापेक्षा रोज अर्धा तास द्या. आज गुंडाळलेले मणी उद्या पहिला हात घेतील, परवा दुसरा, आणि तोवर दुसरा घाणा सुरू झालेला असेल. आठवडाभरात अशी वेळ येते की रोज काहीतरी ओवण्याजोगं तयार असतं. त्यासाठी तीन डबे पुरतात: एक कच्च्या मालाचा, एक अर्धवट कामाचा, एक तयार मण्यांचा. मिठाईचे खोके चालतात, तयार मण्यांसाठी अंड्यांचा ट्रे सगळ्यात सोयीचा. एक नियम मात्र मोडू नका. बाहेरून आणलेली वस्तू त्याच दिवशी धुऊन, वाळवून डब्यात जायला हवी. न धुतलेला ढीग साचला की महिन्याभरात तो खरोखरच कचरा होतो.

काय घेऊ नये

गुंजा दिसायला मोहक आणि पूर्वीपासून दागिन्यांत वापरात आहेत, पण त्यांच्या गरात ॲब्रिन हे जहाल विष असतं. टणक साल शाबूत आहे तोवर धोका कमी. भोक पाडलं की साल फुटते आणि भुकटी हाताला, नाकाला लागते. घरात गुंजेला ड्रिल लावूच नका. एरंडाच्या बियांचंही तेच. सर्किट बोर्डाचे तुकडे आकर्षक वाटतात, पण जुन्या जोडणीच्या डाखात शिसं असतं आणि ते घामट कातडीवर नको. जुन्या इमिटेशन दागिन्यांच्या कड्या, हूक वापरायचे असतील तर स्वतःपुरते वापरा. त्यांत निकेल असू शकतं, कधी शिसंही, आणि लहान मूल गळ्यातलं हमखास तोंडात घालतं.

कोकणातल्या किनाऱ्यावरचे रिकामे, लाटांनी गुळगुळीत झालेले साधे शिंपले घ्यायला हरकत नाही. प्रवाळ आणि काही जातींचे शंख-शिंपले मात्र वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. ओळख पटत नसेल तर जागीच राहू द्या.

कागदी मणी

सुरुवात इथूनच करावी. माल फुकट आहे, अवजार लागत नाही आणि चुकलेला मणी फेकताना जीव तुटत नाही. जुन्या कॅलेंडरची पानं, मासिकांची मुखपृष्ठं, औषधांसोबत येणारे पातळ छापील कागद, सगळं चालतं. लग्नपत्रिकेचा जाड कागद गुंडाळताना तडकतो. कॅलेंडरवरचे आणि पत्रिकेवरचे देवांचे चेहरे आधीच कापून बाजूला ठेवा. अनेक घरांत ते कापलेले किंवा अंगावर घातलेले आवडत नाही, आणि ज्याला गळ्यातलं द्यायचं त्याला ते चालेल की नाही हे आपल्याला ठाऊक नसतं.

ए-फोर कागद उभा धरा. वरच्या आणि खालच्या कडेवर दर २ सेंमीला खूण करा, पण खालच्या खुणा १ सेंमी सरकवून. खुणा तिरप्या रेषांनी जोडल्या की तळाशी २ सेंमी रुंद आणि टोकाला निमुळते होत जाणारे, सुमारे ३० सेंमी लांबीचे त्रिकोण मिळतात. कडेचे अर्धे तुकडे सोडून एका पानात साधारण २० पट्ट्या बसतात. कात्रीपेक्षा पोलादी पट्टी आणि कटर बरा, कारण कात्रीची कड हलकीशी वेडीवाकडी होते आणि ते मण्यावर लगेच दिसतं.

गुंडाळायला २ मिमी जाडीची विणायची सुई घ्या. रुंद बाजू सुईवर ठेवून पहिला वेढा कोरडाच द्या. तिथे गोंद लागला तर मणी सुईला चिकटतो. दुसऱ्या वेढ्यापासून पट्टीच्या आतल्या बाजूला फेविकॉलचा पातळ हात फिरवा आणि टोक दोन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर येतंय ना, हे बघत घट्ट गुंडाळा. चकचकीत कागदाला गोंद उशिरा धरतो, म्हणून शेवटचं टोक दहा सेकंद दाबून ठेवा. घरची खळ वापरू नका, तिला कसर आणि झुरळं लागतात. साध्या कॅलेंडरच्या कागदाचा मणी मध्यभागी साडेसहा-सात मिमी जाड होतो, वर्तमानपत्राचा साडेपाचच्या आसपास. याहून जाड हवा असेल तर एक पट्टी संपते तिथे दुसरी जोडा.

मणी सैल झाला तर सुईवरून काढल्यावर मधला भाग दुर्बिणीसारखा बाहेर येतो. त्याला इलाज नाही, तो टाकून द्या. एकीकडे कलला तर मात्र गोंद ओला असेतोवर उलगडून पुन्हा गुंडाळता येतो.

रात्रभर वाळल्यावर टूथपिकवर टोचून थर्माकोलच्या तुकड्यात उभे करा. फेविकॉलमध्ये तितकंच पाणी मिसळून पहिला आणि दुसरा हात द्या, मध्ये किमान चार तास. पावसाळ्यात एक पूर्ण दिवस. इथे थांबू नका. फेविकॉलचा थर घामानं आणि दमट हवेनं पुन्हा मऊ पडतो. तिसरा हात पारदर्शक नेलपॉलिशचा किंवा लाकडाच्या वॉर्निशचा हवा. तोच सुरुवातीला दिला तर काही छपाईची शाई ओघळते, म्हणून आधी गोंदाचे हात. घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेला कागद तर पाण्याच्या पहिल्या हातालाच पसरतो. दोन्ही भोकांच्या कडांवर नेलपॉलिशचा एकेक थेंब जास्त द्या, कागदी मणी फुटतो तो तिथूनच.

बिया आणि करवंटी

वैजयंतीच्या मण्यांना जन्मतःच भोक असतं, आतली काडी सुईनं ढकलली की झालं. कर्दळीच्या काळ्या बिया पूर्ण पिकल्या की दगडासारख्या टणक होतात. रंग पुरता काळा व्हायच्या आधी त्या सुईनं टोचता येतात आणि सुईवरच वाळू दिल्या की भोक राहतं. रिठ्याच्या बियांना आणि चिंचोक्यांना ड्रिल लागतं: १.२ मिमीचं बिट, वेग कमी, खाली लाकडाचा तुकडा. बी बोटांत धरू नका, छोट्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) किंवा कपड्याच्या घट्ट चिमट्यात धरा. अर्धं भोक एका बाजूनं, उरलेलं दुसऱ्या बाजूनं पाडा; एकाच बाजूनं आरपार गेलात तर पलीकडची साल टवका होऊन उडते. चिंचोक्यात किडा असतोच असं धरून चाला आणि भोक पाडण्याआधी घट्ट पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. हे टाळलं तर काही महिन्यांनी डब्यात पीठ आणि पोकळ टरफलं मिळतात.

करवंटी मात्र वेळखाऊ आहे, आणि सगळ्या घरगुती मालात आम्हाला तीच सर्वांत आवडते. पिकलेल्या नारळाची गडद करवंटी घ्या, कोवळी वाकडी होते. आधी बाहेरच्या शेंड्या सुरीनं खरवडा, मगच हॅक्सॉच्या पात्यानं २-३ सेंमीचे तुकडे करा. आधी भोक, मग घासणं, हा क्रम ठेवा. भोक पाडताना तुकडा तडकला तर निदान घासण्याची मेहनत वाचते. भोक कडेपासून किमान ४ मिमी आत हवं. पॉलिश पेपर ८०, १२०, २२० आणि शेवटी ४०० नंबरचा. मधला नंबर गाळला तर ८० नंबरचे ओरखडे शेवटपर्यंत जात नाहीत, उलट चकाकी आली की जास्त उठून दिसतात. मास्क लावा, ही भुकटी घशाला फार लागते. शेवटी जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि आठवडाभर हवेशीर वाळवा. खोबरेल कधीच वाळत नाही आणि कपड्यावर डाग पाडतं. जवसाचं तेल पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेटू शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

चिंध्या

जुना टी-शर्ट असेल तर काखेखालचा भाग आडवा कापत २.५ सेंमी रुंदीची कडी काढा. प्रत्येक कडी दोन्ही हातांनी ताणली की काठ आत वळून गोल दोरी होते. अशा दहा-बारा कड्या एकत्र धरून एका जागी ४ सेंमी रुंद पट्टीनं गुंडाळून टाके घाला. बाजूची शिवण असेल तर सगळ्या कड्यांची शिवण त्याच पट्टीखाली लपवा. छापील चित्राचा भाग सोडून द्या, ताणल्यावर त्याचे पापुद्रे निघतात.

शिंप्याकडे खणाच्या, इरकलीच्या कातरणी पडून असतात, आणि त्यांचे कापडात गुंडाळलेले मणी झकास होतात. पार्सलसोबत आलेली ॲल्युमिनियमची फॉइल धुऊन १५ मिमीच्या घट्ट गोळ्या करा. ६ सेंमी रुंद पट्टी उलटी दुमडून अर्धा सेंमी आत शिवा, सुलटी करा, गोळी सरकवा, गाठ मारा, पुढची गोळी. नळी पहिल्या गोळीला घट्ट वाटली तर शिवण उसवा. ओढाताण केली की खणाचे धागे शिवणीपाशी सरकतात. गडद रंगाचं कापड आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून बघा. रंग निघत असेल तर निघायचा थांबेपर्यंत धुवा, नाहीतर घामानं तो मानेवर उतरतो.

तार

भंगारात पडलेली इंटरनेटची लॅन केबल हा खजिना आहे. तिच्यात आठ तारा असतात, चांगल्या केबलमध्ये भरीव तांब्याच्या, सुमारे अर्धा मिमी जाडीच्या. कड्या, हूक, फुटक्या बांगडीच्या तुकड्याला वेढे, सगळ्याला योग्य. तार खरवडून बघा: आत रुपेरी निघाली तर तांब्याचा फक्त मुलामा आहे आणि ती दोन-तीनदा वाकवल्यावर तुटेल. वरचं प्लास्टिक कटरनं सोला, जाळू नका. त्याचा धूर विषारी असतो. काचेच्या बांगडीच्या कडा २२० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरवर ओल्याच घासा. काचेला भोक पाडण्याच्या फंदात पडू नका, तारेचे तीन वेढे आणि वर एक कडी पुरे.

ओवणं आणि गाठ

माशाच्या गळाची तंगूस लोक हमखास वापरतात. ती कडक राहते, तिची गाठ सरकते आणि उन्हात ती ठिसूळ होते. विणलेली नायलॉन दोरी, १ मिमी, हलक्या मण्यांसाठी ०.८ मिमी, हीच घ्या. मेण लावलेली सुती दोरी दिसायला जास्त छान, पण घामानं दोन-तीन वर्षांत कुजते; ती बदलावी लागणार हे धरूनच वापरा. सुई लागत नाही: दोरीचं टोक नेलपॉलिशमध्ये बुडवून वाळलं की तिरपं कापा.

करवंटीच्या किंवा धातूच्या भोकातून दोरी ओवण्याआधी जाड बिटाचं टोक हातानं दोन वेळा फिरवून कड मोडा. यावर दोन मिनिटं जातात आणि गळ्यातल्याचं आयुष्य यावरच ठरतं.

पहिल्या नगासाठी १५ कागदी मणी आणि त्यांच्या मध्ये व टोकांना मिळून ३ मिमीचे १६ बारीक मणी घ्या. जुन्या तुटलेल्या पोतीचे काळे मणी अगदी योग्य. हा ऐवज सुमारे ३५ सेंमी भरतो. दोरी १ मीटर. मणी मधोमध आणून दोन्ही बाजूंना साधी गाठ घाला. पाठीमागे दोरीची टोकं विरुद्ध दिशांना एकमेकींवर १५ सेंमी ठेवा. एका दोरीचं टोक मागे वळवून छोटा फासा करा, मग तेच टोक फाशाभोवती आणि शेजारच्या दोरीभोवती मिळून तीन वेढे देत फाशाच्या बंद बाजूकडे न्या, फाशातून काढा आणि ओढा. दुसरी बाजूही तशीच. गाठी सरकवून लांबी ६५ वरून ५० सेंमीपर्यंत आणता येते आणि हूक लागत नाही. ६५ सेंमीला ते डोक्यातून सहज जातं. गाठ सरकत नसेल तर वेढे फार आवळलेत; आपोआप घसरत असेल तर चौथा वेढा द्या. उरलेली टोकं ३ मिमी ठेवून कापा आणि अगरबत्तीच्या निखाऱ्यानं वितळवा. मेणबत्तीची ज्योत मोठी असते, गाठही जाळते.

जड किंवा मौल्यवान मण्यांच्या मध्ये प्रत्येकी एक गाठ घाला, पटवेकरी गाठवतात तसं. दोरी जवळजवळ दुप्पट लागते, पण तुटली तर एकच मणी पडतो.

तयार झालं की खिळ्याला अडकवून खाली अर्धा लिटर पाण्याची बाटली रात्रभर टांगा. सकाळी दोरी ताणलेली दिसली तर गाठी पुन्हा बसवा. वजन ७० ग्रॅमच्या आत ठेवा. त्यापुढे मानेला दिवसभर काचतं. लहान मुलांसाठी करत असाल तर मागे नायलॉनऐवजी साधा शिवायचा सुती दोरा एका जागी जोडा, म्हणजे कुठे अडकलं तर तो आधी तुटेल. पावसाळ्यात कागदी आणि बियांची गळ्यातली बंद प्लास्टिक पिशवीत ठेवू नका. सुती कापडात गुंडाळा, डब्यात कोरड्या तांदळाची पुरचुंडी ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी सावलीत तासभर टांगा.