पावसाळ्यात फुलझाडं गोगलगायी खातायत? या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की झेंडूच्या रोपाचा नुसता दांडा उरलेला फोटो आणि खाली प्रश्न, कुठलं औषध मारू? अहो थांबा, आधी चोर कोण ते बघा. रात्रीतून पानं कुरतडली गेली आणि कुंडीवर वाळलेला चकचकीत पट्टा दिसला तर गोगलगाय, मग ती शंखवाली असो की बिनशंखाची. पानांवर काळ्या बारीक लेंड्या असतील तर अळी, जास्वंदीच्या शेंड्याला कापसासारखं पांढरं असेल तर मिलीबग. नीम तेल मिलीबग नि मावा या रस शोषणाऱ्या किडींवर चालतं, गोगलगायीसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे कुंडीत मीठ टाकणं. गोगलगाय मरते खरी, पण मीठ मातीत मुरतं आणि मागोमाग झाडही जातं. मीठ किंवा साबण घालायचाच तर बादलीतल्या पाण्यात घाला आणि वेचलेल्या गोगलगायी त्यात टाका. अंड्याच्या टरफलांचं कुंपण पण सगळे सांगतात, पण ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ साली टरफलं, तांब्याची पट्टी वगैरे करून बघितलं तर काही फरक पडला नव्हता.

दुसरी चूक म्हणजे दिवसा झाडावर शोधत बसणं. ती बाहेर पडते अंधारात, दिवसा कुंडीच्या बुडाखाली, विटांच्या सांदीत, ओल्या पाचोळ्यात दडलेली असते, त्यामुळे कुंड्या उचलून बघा, तिथेच मातीत साबुदाण्यासारख्या अंड्यांचा पुंजकाही सापडेल. मोठी आफ्रिकन गोगलगाय एका वेळी शंभराच्या वर अंडी घालू शकते, तेव्हा नुसत्या मोठ्या वेचून भागत नाही. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याकडेला टाका आणि ऊन चढायच्या आत उचला, खाली गोळा झालेल्या असतात. २०२२ला मराठवाड्यात सोयाबीनवर गोगलगायी तुटून पडल्या तेव्हाही हाच उपाय सांगितला जात होता. पण हातमोजे घालूनच वेचा हं, त्यांच्या अंगात माणसाच्या मेंदूला त्रास देणारे जंत असू शकतात.

आणि ते मेटाल्डिहाइडचे, म्हणजे गोगलगायी मारायच्या विषाचे दाणे, कुंडीत मूठभर ओतून मोकळे होतात लोक. कुत्र्याने खाल्ले तर झटके येऊन जीव जाऊ शकतो, घरात कुत्रं-मांजर किंवा रांगतं मूल असेल तर आणूच नका, आपलं गोणपाटच बरं.